हुल्दाचा उपदेश

मोहोळ, ३ फेब्रुवारी २०२५

प्रिय चंद्रिकाताईस,
धाकट्या भावाचा सप्रेम सलाम. वि. वि.

तुझी फोनबंदी अजून उठलेली दिसत नाही. फोनवर अमृत मध्येच बोलतो, पत्रात निदान माझं वाक्य पुरं होतं, हे तुझं म्हणणं मी रेश्माला वाचून दाखवलं. तीही आता नवऱ्याला पत्रंच लिहिणार म्हणते, एकाच घरात राहून.

कारण असं की, आमच्या चर्चच्या मंडळीत २३ तारखेला पहिल्यांदाच महिला रविवार पाळायचा ठरलाय. पंचांनी विषय दिलाय, बायबलातल्या संदेष्ट्या, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्या बायका. गाणी बायका म्हणणार, प्रार्थना बायका करणार, जेवण तर त्या करतातच. उपदेश तेवढा पाळक म्हणून माझ्याकडे, म्हणजे नेहमीप्रमाणे तुझ्याकडे. सव्वीस वर्षांत तू मला रिकाम्या हातांनी व्यासपीठावर चढू दिलं नाहीस, आताच कशाला देशील? कागद आले की वहीत उतरवून काढीन.

रेश्माचा सलाम. लोभ आहे तो वाढावा, उपदेशही जरा वाढवून पाठवावा.

तुझा,
अमृत

* * *

सोलापूर, ७ फेब्रुवारी २०२५

चि. अमृत यास,
अनेक आशीर्वाद व सलाम.

रविवार बायकांचा, विषय बायकांचा, आणि उपदेशाला अमृत पाळक! मिशांसकट उभा राहणार की काढून, तेवढं कळव.

मी हुल्दा घेणार आहे. दबोरा सगळ्यांना ठाऊक असते, हुल्दाला कुणी विचारत नाही. मंदिरात नियमशास्त्राचं पुस्तक सापडलं, ते ऐकून योशीया राजा हादरला, आणि देवाला विचारून या म्हणून त्याने पाच बडे लोक धाडले. त्यात याजक होता, चिटणीस होता. यिर्मया संदेष्टा हयात असताना हे पाचही जण गेले ते हुल्दाकडे. नवरा तिचा कपड्यांचं कोठार सांभाळायचा. तिने न अडखळता देवाचं म्हणणं सांगितलं, ते घेऊन पाचही जण राजाकडे परत गेले. तू तर दर आठवड्याला एकटाच विचारतोस. माझ्या वयाचा मान राखून पाच जण तरी पाठवावेस.

आता थट्टा पुरे. मी एकोणसत्तर वर्षांची झाले. नर्स होते तेव्हा डॉक्टरांचं सांगणं रोग्यांपर्यंत पोचवलं, आणि माझं सांगणं लोकांनी तुझ्या तोंडून ऐकलं. एकदा तरी माझे शब्द मी स्वतः उभी राहून बोलावे असं फार वाटतं. या रविवारी मला बोलू दे. पंचांचे प्रमुख कुंडलिकराव काय म्हणतात ते विचार. ते नाही म्हणाले तर मी मुकाट्याने लिहून पाठवीन. पण विचार.

रेश्माला आशीर्वाद. ताईवरची माया कमी करू नये.

तुझी,
ताई

* * *

मोहोळ, १२ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताईस,
सप्रेम सलाम. वि. वि.

कुंडलिकरावांना विचारलं. त्यांचं म्हणणं असं की लोकांची अजून तयारी नाही, पुढच्या वर्षी बघू. मी माझ्या परीने पुष्कळ सांगून पाहिलं, पण मोठ्या माणसापुढे किती बोलणार? मला फार वाईट वाटलं.

तू कबूल केल्याप्रमाणे हुल्दा पाठवशील ना? मिशा राहणार आहेत. हे पत्र रेश्माला दाखवलं तर ती ते अर्ध्यातच टाकून भाकरी थापायला निघून गेली. काय बिनसलं कोण जाणे.

राग आला तरी लोभ असू दे.

तुझा,
अमृत

* * *

मोहोळ, २४ फेब्रुवारी २०२५

ताईस सलाम.

हे लिहिताना मला लाज वाटते आहे. मध्येमध्ये थट्टा करीन, त्याशिवाय लिहून होणार नाही.

तुझं पाकीट शनिवारी आलं. मी दिवसभर एका दफनविधीला गावात होतो, त्यामुळे वहीत उतरवणं झालं नाही. रविवारी तुझे कागदच घेऊन वर चढलो. हुल्दा उत्तम चालली होती, बायका पुढे सरकून ऐकत होत्या. पाच जण राजाकडे परत गेले इथपर्यंत आलो, पान उलटलं, आणि त्याच ओघात, त्याच भारदस्त आवाजात वाचलं की अमृत, कुंडलिकरावांच्या बजाबाई डोळे तपासायला सोलापूरला आल्या होत्या, माझ्याकडे जेवल्या, आणि त्यांच्या यजमानांना तू काहीच विचारलेलं नाहीस. जीभ आवरेपर्यंत तुझं पुढचंही वाचून झालं: तू नाही म्हणालास याचं दुःख नाही, दुसऱ्याचं नाव पुढे करून म्हणालास याचं आहे. आणि रक्तदाबाची गोळी चुकवू नकोस.

उपदेश संपल्यावर एक ओळ तरी मोकळी सोडायचीस! कागद वाचवायचा एवढा कसला सोस?

मग मागून बजाबाई मोठ्याने आमेन म्हणाल्या, आणि लोकांना हसू आवरेना. कुंडलिकरावांनी उभं राहून भर सभेत विचारलं की आमाला कवा इचारलं, आन आमी न्हाय कवा म्हनलं? कधीच नाही, हे मी कबूल केलं. सव्वीस वर्षं तुम्ही ऐकलंत ते माझ्या बहिणीचं, हेही सांगून टाकलं.

का विचारलं नाही, ते तुलाच सांगतो. मला भीती वाटली. तू एकदा उभी राहिलीस की हे सगळं कुणाचं होतं ते लोक ओळखतील. मग माझ्याकडे काय उरणार?

१६ मार्चचा उपदेश तुझा, असं पंचांनी तिथल्या तिथे ठरवलं. त्या दिवशी पंगतीत वाढायची शिक्षा मला झाली आहे. ताई, माफ कर.

तुझा,
अमृत

* * *

सोलापूर, २८ फेब्रुवारी २०२५

चि. अमृत यास,
पोटभर आशीर्वाद.

माफ केलं. बजाबाईंच्या आमेनपाशी मी इतकी हसले की शेजारीण पाणी घेऊन धावत आली. पंगतीत मला भाजी दोनदा वाढायची, तीही हसतमुखाने.

तुझ्याकडे काय उरणार, असं विचारतोस. कुणाच्या घरी मयत झाली की तू हातातलं काम टाकून जातोस, दिवसभर त्या माणसांजवळ बसतोस. ते कधी मी लिहून पाठवलं होतं का रे?

आता माझं ऐक. दोन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसले आहे, एक ओळ उतरत नाही. इतकी वर्षं बेधडक लिहिलं, कारण उभा तू राहणार होतास. काल खोलीत एकटीच उभी राहून बोलून पाहिलं. दोन वाक्यांत पुढचं विसरले आणि खाली बसले. हसू नकोस. बरं, हस. पण उत्तर लगेच दे. एवढी माणसं आपल्याकडे बघत असताना पहिलं वाक्य तोंडातून काढायचं कसं, ते मला ठाऊक नाही. या खेपेला तू मला लिहून पाठव.

वाट पाहते.

तुझी,
ताई