परवलीचा शब्द

१ सप्टेंबर १९३४
आज सोलापूरच्या बिनतारी केंद्रावर रुजू झालो. शहराबाहेरचा कोरडा माळ, एक खोली, उंच खांब, मेजावर ठोके द्यायची किल्ली. कॉलेज अर्ध्यावर सोडल्याचं प्रथमच वाईट वाटलं नाही. नदीकाठच्या चौकीवरून पुराची खबर आली की शहराला कळवायची. परवलीचा शब्द रोज बदलतो, तो पाकिटात असतो. तो जुळल्याशिवाय खबर खरी धरायची नाही. आणि आमची पोच मिळाल्याशिवाय चौकीवाल्याने जागा सोडायची नाही. मी साहेबांना विचारलं, पाणी दारात आलं तरी शब्दच विचारत बसायचं का? ते म्हणाले, गेल्या साली कुणीतरी खोटी हूल दिली, दोन गावं पावसात उघड्यावर पडली.

४ सप्टेंबर
भाकरी आणणारी निंगव्वा म्हणते, तुमी लई चिडता की, लगीन करा. हिला काय सांगू? दाक्षायणीने दुसऱ्याशी लग्न केलं म्हणून तर कॉलेज सुटलं. आज कळलं, चौकीवर आहे तो गुरुलिंग म्हणजे तिचाच नवरा. ठोके देण्याचा त्याचा हात आता मी ओळखतो. दर लांब ठोक्यानंतर जरासा अडखळतो.

९ सप्टेंबर
दुपारी खबर आली, पाणी चौकीत शिरतंय. हात त्याचाच, शंकाच नको. शहराला लगेच कळवलं. त्याला पोच दिली नाही. शब्द विचारला. त्याने बरोबर दिला. मी म्हटलं, पुन्हा. असं पाच वेळा. मग तिकडून काहीच आलं नाही.
बरं झालं.

११ सप्टेंबर
गुरुलिंगचं प्रेत सापडलं. साहेबांनी पाठ थोपटली, नियम पाळला म्हणून. निंगव्वा सांगते, त्येची बायको रडत न्हाय, एवढंच इचारती, पोच का आली न्हाय.

१३ सप्टेंबर
चौकी वाहून गेली, यंत्रासकट. तरी दुपारी ठोके आले. लांब ठोका, अडखळ. आजचा शब्द विचारतो. मी दिला. म्हणाला, पुन्हा.

१४ सप्टेंबर
बॅटरी काढून ठेवली. तरी ठोके—
उंबऱ्याखालून पाणी येतंय. खिडकीबाहेर माळ कोरडा.

१५, दुपार
दार फुगलंय, उघडत नाही. पाणी कमरेला, गढूळ, नदीचं. बॅटरी जोडून कचेरीला ठोकलं, माणूस पाठवा— पोच नाही. लांब ठोका. अडखळ. शब्द?
पाकीट भिजलं, शाई पसरली. कालचा दिला— चूक.
मग तिचं नाव दिलं.
बरोबर, म्हणतो. पुन्हा.
चार वेळा दिलं— पाणी वहीला— दाक्षाय