आता तो विचारतही नाही

३ मार्च
कोरियातल्या इंचनच्या या वसाहतीच्या कार्यालयात नोकरी लागली आणि बाराव्या मजल्यावर घरही मिळालं! आई दिवसभर सोफा सोडून खालून तापवलेल्या जमिनीवरच लोळत होती. सहाशे घरांची दारं, जमिनीची ऊब, लिफ्ट, सगळं माझ्या एका संगणकावर चालतं. व्यवस्थापक प्यो साहेबांनी बार्लीचा चहा पाजला. माझ्या आधीच्या ओक बाई अचानक सोडून गेल्या म्हणे.

४ मार्च
एक साधा अर्ज भरायला पाच सुरक्षा-प्रोग्राम बसवावे लागतात. प्रत्येक जण खिडकी उघडून विचारतो, संगणकात बदल करू देता का? मी वाचत बसले तर प्यो साहेब हसले. "अहो इन-हे, ते कोणी वाचतं का? 'हो' दाबायचं आणि सुटायचं. बाहेर रांग लागलीय." मीही पाच वेळा हो म्हटलं.
नंतर मोजलं. सहा वेळा.

५ मार्च
सहाव्याला नावच नाही. चैन पडेना, म्हणून संगणकाची पुस्तिका वाचली. संगणक स्वतः कसलीच पारख करत नाही. प्रोग्राम म्हणतो मला मोठे अधिकार हवेत, की संगणक फक्त आपल्याला विचारतो. घरचे म्हणून नोंदलेल्या प्रोग्रामांबद्दल तर विचारतही नाही. म्हणजे राखणदार मीच, आणि मी पडले होयबा.

६ मार्च
त्या सहाव्याला काढायला गेले. संगणकाने मलाच प्रशासकाचा पासवर्ड मागितला. कालपर्यंत प्रशासक मीच होते. प्यो साहेबांना सांगितलं तर म्हणाले, ओक बाईंचीही हीच तक्रार होती. त्यांच्या घराचं दार फोडलं तेव्हा जमीन भाजत होती म्हणे, आणि घरात कोणी नव्हतं.
मला भीती वाटतेय. उद्या संध्याकाळीच आईला मावशीकडे पाठवते.

७ मार्च
सकाळपासून दारं आपोआप उघडतात. नोंदीत उघडणारी म्हणून माझं नाव. मी हातही लावला नाही — तो सहावा आता विचारतही नाही. घरचा झाला.

७ मार्च, दुपार
आईचा फोन. घरच्या भिंतीवरच्या पडद्यावर खिडकी आलीय — इन-हे आत येऊ इच्छिते, परवानगी? मी ओरडले, नाही दाब. मी खाली कार्यालयात आहे.
ती म्हणाली, "वेडे, दाराशी तर उभी आहेस. दिसतेस की मला."
कार्यालयाचं दार उघडत नाही. इथल्या जमिनीची ऊब चढतेय — साठ अंश — मी 'थांबव' दाबते, तो पासवर्ड मागतो — फोन चालूच आहे, कानाशी धरून लिहितेय, करण्यासारखं दुसरं काही —
फोनमध्ये, वर आईजवळ, माझाच आवाज. विचारतोय, आई, जी खालून बोलतेय तिला बंद करू का?
आई म्हणाली, हो गं, कर की —