वीस मुलांचा नियम

सोमवार, ३ तारीख
शाळेचा पट विसाच्या खाली गेला तर शाळा बंद, मुलं कालव्यापलीकडच्या मोठ्या शाळेत. असा नियम. आमचा पट बरोब्बर वीस. शुक्रवारी शिक्षण खात्याचे साहेब मोजायला येणार म्हणून शाळेच्या बाई सुतकी चेहऱ्याने फिरताहेत. पालक समितीची अध्यक्ष मी आहे, हे विसरतात. चौथी नापास असले तरी कायदा मला तोंडपाठ. एक मूल हलू देणार नाही.

मंगळवार, ४
शिंप्याची बायको पोराला मोठ्या शाळेत घालणार असं कळलं. तडक तिच्या दारात. म्हटलं, बये, तुझ्या एकटीच्या स्वार्थापायी एकोणीस पोरांची शाळा मोडेल. रडली. पोरगं इथेच ठेवते म्हणाली. समजावण्याची कला लागते. तिची सासू म्हणाली, ही समजावते की फाडून खाते? दुर्लक्ष केलं.

बुधवार, ५. दुपारी
मोठी शाळा सहज बघून आले. शत्रूची तयारी माहीत हवी. कारकून म्हणाला, पहिलीत दोनच जागा उरल्यात, दाखला नंतर आणा, नाव आत्ता घाला. नातीचं घातलं, आमच्याकडेही ती पहिलीतच आहे. यात स्वार्थ नाही. उद्या शाळा बंद झालीच, तर अध्यक्षाची नात रस्त्यावर? समितीचीच अब्रू जाईल. शिवाय एक नाव दोन ठिकाणी असलं तर कुणाचं काय बिघडतं? सुनेला बोलले नाही. ती उगाच प्रश्न विचारते.

गुरुवार, ६
टेन्शन नाही. जेवण गेलं नाही ते उकाड्यामुळे. बाईंचा निरोप, उद्या एकही गैरहजर नको. नेमका शिंप्याच्या पोराला ताप. त्याच्या आईला सांगून आले, गोधडीत गुंडाळून आण. नियमात 'हजर' लिहिलंय, 'ठणठणीत' नाही.

शुक्रवार, ७. सकाळी ११
वीसच्या वीस हजर. तापलेलं पोर पहिल्या बाकावर, आईच्या मांडीवर डोकं टेकून. साहेबांनी कॉम्प्युटर उघडला. मी पुढच्या खुर्चीत.

११.४०
साहेब म्हणतात, एका मुलीची नोंद दोन शाळांत आहे. अशा वेळी नंतरची नोंद धरायची, इथला पट एकोणीस. बाईंनी घाबरत विचारलं, कोण मुलगी? साहेबांनी नाव वाचलं. मी म्हटलं, कॉम्प्युटर चुकतो कधीकधी. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. खाली पालकाची सही. माझीच. अक्षर चांगलं आलंय.

बाई खिडकीतून बाहेर बघायला लागल्या.

१२ वाजता
साहेब गेले. शिंप्याच्या बायकोने विचारलं, आजी, आता याला घरी नेऊ का?

म्हटलं, ने.