गाडीची बॅटरी आणि बाबांची दुपार

प्रिय धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे देवाच्या कृपेने सगळे बरे आहेत. तू, तुझी बायको आणि तुमच्याकडच्या नळाचं पाणी (मागच्या फोनवर निम्मा वेळ तेच चाललं होतं) ठीक असावं. तू विकायला सांगितलेली गाडी मात्र आजारी पडली. गिऱ्हाईक रविवारी यायचं होतं, म्हणून शनिवारी सकाळी देवाचं नाव घेऊन किल्ली फिरवली, तर नुसतं 'टक'. पुन्हा नाव घेतलं, पुन्हा 'टक'. तेवढ्यासाठी देवाला तिसऱ्यांदा कशाला उठवा म्हणून बॅटरीवाल्याला बोलावलं.

त्याने मीटर लावला, मान हलवली, टोकांवरची पांढरी पूड खरवडली आणि आतलं पाणी कमी झाल्याचं दाखवलं. मी लगबगीने उकळून, दुहेरी फडक्यातून गाळलेलं पाणी तांब्यात आणलं. "दादा, हिचं पोट नाही बिघडलेलं," असं म्हणून त्याने स्वतःजवळचं डिस्टिल्ड वॉटर घातलं आणि बॅटरी चार्जिंगला घेऊन गेला. संध्याकाळी आणून बसवली, तर गाडी पहिल्याच किल्लीला सुरू! "मेली नव्हती, उपाशी होती," तो म्हणाला. "पण उभ्या गाडीत हिला रोज खातंय कोण?"

"मामंजींना विचारा," तुझी वहिनी दारातून म्हणाली.

तर बाबा रोज जेवण झालं की गाडीत जाऊन बसतात. इंजिन बंद, रेडिओ चालू. (घरात लावला की वहिनी म्हणते बारीक करा, मी म्हणतो बंद करा.) विचारलं तर माझ्यावरच डाफरले, "धाकट्याची गाडी आहे, तुला काय करायचंय?"

रविवारी बाबा जेवले नाहीत. गाडीकडे पाठ करून अंगणात बसून राहिले. गिऱ्हाईक आलं, किल्ली फिरवली, साधं 'टक'सुद्धा नाही. बिचारं हात हलवत गेलं. देवाची इच्छा, दुसरं काय!

तुझा,
दादा

ता. क. देवाची इच्छा होतीच, पण बॅटरीची तार मी काढून ठेवली होती. एक अक्षरही खोटं बोललो नाही; "सुरू होत नाही" एवढंच म्हणालो. गिऱ्हाईक गेल्यावर बाबा दोन वेळचं एकदम जेवले.

आणखी एक. गाडी विकायची नाही, हे त्या माणसाला तूच ताबडतोब फोन करून सांग. तो मंगळवारी मिस्त्री घेऊन परत येतोय, आणि मिस्त्री म्हणजे आपलाच बॅटरीवाला आहे.