कवचातलं सगळं

ठाकुर्ली (पूर्व)
गुरुवार, दि. ११ डिसेंबर २०२५

ती. गं. भा. वन्सं यांना सुमतीचा वाकून नमस्कार.

नावाआधी ते गं. भा. लावत जाऊ नकोस, असं तुम्ही भावोजी गेले तेव्हाच सांगितलं होतंत. पण रीत ती रीत, आणि कुणी सांगितलं म्हणून मी आजवर कुठली रीत मोडलेली नाही. इकडे लक्ष्मीच्या कृपेने सारं ठीक. मार्गशीर्षातला गुरुवार, घट मांडून झाला, कहाणी वाचून झाली, आज उपास म्हणून स्वयंपाकाची घाई नाही. तेव्हा सावकाश लिहायला बसले आहे. फोनवर तुम्ही मध्येच बोलता. कागद मध्ये बोलत नाही.

पत्र साकेतच्या हाती देते आहे. लेक तुमचा गुणी आहे. मामाला बघायला म्हणून ऑफिस सोडून आला. मी त्याला दाराशीच खुर्ची आणि चहा दिला आणि मामा झोपलेत म्हणून सांगितलं. पत्र होईपर्यंत तो तिथेच फोनवर बोलत बसला आहे. मामा झोपलेले नाहीत. आतल्या खोलीत कॉटवर बसून भाच्याचा आवाज ऐकत आहेत. बाहेर का येत नाहीत, ते पुढे येईलच.

आधी तब्येतीचं. तुम्ही ह्यांना ठाण्याला नेऊन दुर्बिणीची तपासणी करवलीत, मोठ्या आतड्यातल्या गाठी काढवल्यात. एक गाठ तशीच राहिली असती तर पुढेमागे कॅन्सरवर गेली असती, हे डॉक्टर म्हणाले तेव्हा मीही तिथेच होते. तुम्ही खुर्ची ओढून पुढे बसलात, मी फाइल धरून मागे उभी राहिले, एवढाच फरक. ऐकू मलाही आलं.

डॉक्टरांनी विचारलं, हे रोज खातात काय. मी सांगितलं, मऊ भात, तूप, टोस्ट. कडधान्यांनी वात होतो. पालेभाजी चातुर्मासात सोडली ती सोडलीच. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, दाण्याच्या कुटाशिवाय. कुटाशिवाय म्हटल्यावर त्या तरुण डॉक्टरांनी लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. मग तुमच्याकडे वळून समजावत बसले, आतड्यात जंतू असतात, त्यातले बरेच आपल्या कामाचे. बदाम-अक्रोडातला चोथा आणि थोडी चरबी वर पचत नाही, ती खाली मोठ्या आतड्यापर्यंत पोचते. तिथे जंतू ती खातात आणि त्यातून एक आम्ल तयार करतात, त्यावर आतड्याचं अस्तर पोसतं. रोज मूठभर खा म्हणाले. अक्रोडच हवेत असं नाही, साल-चोथ्याचं काहीही चालेल, पण आवडीने खातील ते द्या. मी विचारलं, याने पुन्हा गाठी होणार नाहीत ना. तेव्हा म्हणाले, तशी हमी देता येणार नाही, अभ्यास अजून चालू आहेत, पण फायदा दिसतो आहे.

हमी नाही हे तुम्ही ऐकलं नाहीत. आवडीने एवढंच ऐकलंत. लिफ्टमध्ये मला म्हणालात, "आता तुझा देव आडवा आला ना, तर मी देवाशी बोलेन."

देव आडवा आलेला नाही, वन्सं. काशीला गेलेल्याने एक आवडती वस्तू कायमची सोडून यायची, ही आपल्याकडची चाल तुम्हाला माहीत आहे. तुम्ही स्वतः कारलं सोडून आलात आणि वर हसलात. ह्यांनी कवचातलं सगळं सोडलं. अक्रोड, बदाम, पिस्ते, शेंगदाणे. गंगेत उभं राहून सोडलेलं ते एका मुठीसाठी मोडायचं, तेही जंतूंना नैवेद्य दाखवायला? मला ते झेपणारं नाही.

तरी मागच्या रविवारच्या आधीच्या रविवारी तुम्ही आलात. हातात तीच अक्रोडांची खाकी पिशवी. मला नुसती मान हलवलीत आणि गॅलरीच्या दाराशी गेलात. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून ते दार मी बघते आहे. दर रविवारी तुम्ही दोघं बहीणभाऊ तिथे बसायचात, बिजागरीच्या फटीत अक्रोड धरून दार लोटायचात, कट्ट आवाज झाला की हसायचात. कशाला हसता ते मला कधी कळलं नाही. कुणी सांगितलंही नाही. माझं पहिलंच वर्ष होतं, मी तुमच्या शेजारी जाऊन बसले आणि हात पुढे केला. तुम्ही म्हणालात, "आंबिवलीच्या चाळीत अक्रोड कुठला गं खाल्ला असशील तू? चव लागायची नाही. ती टरफलं भर बघू." आणि हे हसले. टरफलं मी भरली. त्यानंतर दर रविवारी भरली. अक्रोडाचं टरफल तळहाताला कसं बोचतं ते मला विचारा, चव तुम्हाला ठाऊक.

असो. त्या रविवारी तुम्ही फोडलात आणि गर ह्यांच्या तोंडाशी नेलात. हे लहान मुलासारखे हात मागे घेऊन उभे राहिले. माझ्याकडे बघत होते. तुम्ही खूप बोललात. मला खुनी म्हणालात, शेजारच्यांनी ऐकलं. मग पिशवी तिथेच टाकून गेलात.

तुम्ही गेल्यावर मी देवापाशी दिवा लावायला गेले. परत आले तर हे दाराशी उकिडवे बसलेले. फटीत अडकलेला गराचा तुकडा नखाने उकरून काढत होते. काढला आणि खाल्ला. डोळे मिटून चावत होते, किती वेळ, एवढ्याशा तुकड्याला. बरेच महिने मी त्या चेहऱ्यावर तसं काही पाहिलं नव्हतं.

मी ओरडले नाही. मी त्यांना एवढंच म्हटलं, की असला संकल्प मोडला तर ज्याने मोडला त्याला काही होत नाही, ज्याच्या हाताने मोडवला त्याच्या लेकराला भोगावं लागतं. साकेतचं नाव मी घेतलं नाही. ते त्यांच्या त्यांनीच घेतलं. त्या दिवसापासून ते तुमचा फोन घेत नाहीत, आणि आज भाच्यासमोर आले नाहीत. भात मात्र खातात. तोही थोडा. पोट साफ होत नाही, चेहरा उतरला आहे, रात्री कण्हतात. हे तुम्हाला लपवून ठेवायचं कारण नाही.

असं कुठल्या पोथीत लिहिलंय, विचाराल. कुठल्याच नाही.

आता जे तुम्हाला माहीत नाही ते. काशीला आम्ही दोघंच गेलो होतो. घाटावर गुरुजींनी ह्यांच्या हातावर पाणी दिलं आणि विचारलं, काय सोडणार. हे गोंधळले. आधी फणस म्हणाले, मग नको नको, थांबा म्हणाले. तुम्हाला ठाऊक आहे त्यांचं, साधी भाजी घ्यायची तरी दहा वेळा विचारतात. तेव्हा मागून मी बोलले. कवचातलं सगळं, असं मी म्हटलं. गुरुजींनी मंत्र म्हटला, ह्यांनी मुकाट पाणी सोडलं. घरी आल्यावर काय सोडलं ते ह्यांनी तुम्हाला फोनवर कळवलं. त्यानंतरच्या रविवारी तुम्ही रिकाम्या हाताने आलात आणि चहा घेऊन लवकर गेलात. ते दार त्या दिवशी पहिल्यांदा मला माझं वाटलं.

दुर्बिणीच्या तपासणीनंतर मी इथल्या आमच्या गुरुजींना जाऊन विचारलं. मला काही काळीज नाही असं समजू नका. त्यांनी सारं ऐकून घेतलं आणि सांगितलं, संकल्प ज्याने उच्चारला त्यालाच लागतो. म्हणजे ह्यांना तो कधी लागलाच नाही. तो माझा आहे. मी तो पाळतेच आहे, आणि खरं सांगायचं तर मला त्यात काहीच सोडावं लागलं नाही.

हे मी ह्यांना सांगितलेलं नाही. तुम्ही सांगून बघा. फोन ते घेणार नाहीत. दारात येऊन ओरडलात तर म्हणतील, अक्का माझ्यासाठी स्वतःच्या पोरावर संकट ओढवून घेते आहे, आणि कानांवर हात ठेवतील. हे पत्र दाखवलंत तर मी म्हणेन, अक्कांनी रागावून लिहायला लावलं. त्यांचा विश्वास माझ्यावर आहे. इतकी वर्षं टरफलं भरून तेवढं मिळवलं आहे.

तेव्हा एक करा. येत्या रविवारी या. तुमच्या पिशवीला मी हात लावलेला नाही, फळीवर आहे. माझ्या देवासमोर बसा आणि तुम्हीही एक आवडती वस्तू सोडा. हे घर. पुन्हा या उंबऱ्यात पाऊल नाही, ह्यांना फोन नाही, भाऊबीजेला ओवाळणं नाही. पाणी सोडून झालं की त्याच संध्याकाळी ह्यांना मी गुरुजींचं म्हणणं सांगेन, आणि रोज मूठभर स्वतः फोडून वाटीत देईन. बत्त्याने. दारात नाही. पुढच्या वर्षीच्या दुर्बिणीलाही मीच नेईन. तुमचे ते जंतू पोसले जातील, अस्तर पोसलं जाईल, भाऊ तुमचा कदाचित पुष्कळ जगेल. फक्त तुम्हाला दिसणार नाही.

नाही आलात तरी माझा राग नाही. भात शिजतोच आहे.

पळी-पंचपात्र घासून ठेवते. संकल्प मात्र तुम्हालाच बोलावा लागेल. तुमच्या वतीने या वेळी मी बोलणार नाही.

रविवारी टरफलं भरायला कुणी नसेल, तेव्हा येताना हात मोकळे घेऊन या.

तुमच्या भावाच्या घरची,
सुमती