दांड्याची कटती

१२ सप्टेंबर, लोणझिरी

आलो एकदाचा. दीपनगरहून निघताना आईने पिशवीत चिवडा, लोणचं आणि सूचना ठासून भरल्या. बत्तीस वर्षांचा घोडा पहिल्यांदा घर सोडतोय म्हणून ती रडली, आणि चोपड्याच्या बसमध्ये घोडाही थोडा रडला. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचतंय?

गाव चोपड्यापासून बारा किलोमीटर, सातपुड्याच्या अगदी पायथ्याला. दीपनगरला खिडकी उघडली की वीज केंद्राची राख आत यायची, इथे केळीचा ओला वास येतो. पितांबर आबांच्या केळी ग्रुपवर मी काटेवाला. शेतकऱ्याने माल आणायचा, मी वजन करायचं, मग तो व्यापाऱ्याच्या गाडीत भरायचा. राहायला शेडमागची खोली. काटा बॅटरीवरचा, लाल आकड्यांचा, नवा कोरा.

आबांनी पहिल्याच दिवशी शिकवली ती दांड्याची कटती. घडाच्या मधला दांडा कोणी खात नाही, म्हणून त्याचं वजन वजा करायचं आणि उरेल ते केळीचं. कटती कमी धरली की व्यापारी भांडतो, जास्त धरली की शेतकरी. दोघं सारखेच चिडले तर काटेवाला प्रामाणिक समजायचा, असं आबांचं म्हणणं. मला हे काम आवडणार असं दिसतंय.

१९ सप्टेंबर

आज कळलं की गावात या काट्याचा खरा उपयोग माणसं मोजायला होतो. माल उतरवून झाला की जो तो वर चढतो. झुलालनाना चढले तर एकसष्ट किलो दोनशे. साठीला टेकलेले, दीड एकरवाले, तोंडाने भलतेच फटकळ. म्हणाले, "काटा खोटा शे तुमना. घरमा माले कोनी इतलं खावाडत नही." त्यांच्या बायकोने, बेबाअक्कांनी, तिथेच त्यांचा उद्धार केला.

नानांचं माझ्याशी रोजचं भांडण कटतीवरून. "दांडाले बी मीच पानी पाजेल शे," म्हणतात. मी कटती करायची, त्यांनी कुरकुरायचं आणि जाताना अक्कांनी केलेलं वांग्याचं भरीत नि कळण्याची भाकर माझ्या टेबलावर ठेवून जायचं. आईला फोनवर सांगितलं, तर तिला जरा हेवाच वाटला.

आणखी एक गंमत नोंदवतो. घड ठेवला की आकडा लगेच स्थिर होतो. माणूस चढला की तो थरथरत राहतो, कारण माणूस श्वास घेतो. न बघता नुसत्या आकड्यावरून मी आता सांगू शकतो की वर माल आहे की माणूस.

३० सप्टेंबर

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

सकाळी पोलिसांची जीप आली. त्यांना काटा हवा होता, काटेवाला हवा होता आणि पंच म्हणून सही करायला माणूसही हवा होता. आबा म्हणाले, जा. काटा जीपमध्ये टाकून गेलो तर जीप थांबली ती झुलालनानांच्या शेताशी. केळीच्या मागे, बांधाच्या आतल्या बाजूला, गांजाची पुरुषभर उंच झाडं. नानांनी ती लावली होती हे खरं आहे. गुडघ्याच्या दुखण्यासाठी ते चिलीम ओढायचे, थोडा विकतही असावेत. ते काही नाकारत नव्हते.

पोलिसांनी झाडं मुळासकट उपटली. कालच पाऊस झालेला, मुळांना चिखलाचे गोळे. तशीच गोण्यांत कोंबली, तशीच काट्यावर ठेवली. तेवीस किलो आठशे. दांडा, मूळ, माती, सगळं धरून. माझ्या मनात आलं की यात कटती नाही का? साहेबांनी विचारलं, किती? मी आकडा सांगितला.

नाना हात बांधलेले उभे होते. त्यांनी गोणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "भाऊ, दांडा?"

सगळे हसले. मीही हसलो. मग सही केली.

१८ ऑक्टोबर

बेबाअक्का वकिलांना घेऊन आल्या होत्या. वकील चोपड्याचे, शांत माणूस. त्यांनी मला कायदा समजावला. गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. दांडा नाही, मूळ नाही, माती तर नाहीच. वीस किलोच्या वर गेलं की जामीन जवळजवळ मिळत नाही, आणि शिक्षा दहा वर्षांपासून पुढे. नुसता फुलोरा वेगळा केला असता तर सहा-सात किलो भरला असता आणि नाना आज घरी असते. त्यांचा जामीन परवा फेटाळला.

वकिलांना माझ्याकडून एकच कागद हवा आहे. वजन दांडा-मुळा-मातीसकट केलं, एवढं खरं मी लिहून द्यायचं.

अक्का म्हणाल्या, "माती बठ्ठी वजनमा धरी लिधी, भाऊ. तुमले तं सगळं माहीत शे."

मी आबांना विचारलं. आबा म्हणाले, एकदा सही केलीस, आता फिरलास तर तुझ्यावरच केस होईल, आणि पोलिसांशी वाकडं घेऊन मला इथे धंदा करायचा नाही. मी अक्कांना सांगितलं की दिवाळीनंतर बघू. त्या माझ्या पाया पडायला वाकल्या. माझ्या आईच्या वयाच्या आहेत त्या. लाज वाटली, पण शब्द बदलला नाही.

७ नोव्हेंबर

दिवाळी दीपनगरला केली. आईला काही बोललो नाही. काल परत आलो.

आज दुपारी दीड वाजता काटा आपोआप सुरू झाला. वर काही नव्हतं. सत्तावन्न किलो चारशे. मी शून्याचं बटण दाबलं. शून्य आला आणि लगेच परत सत्तावन्न चारशे. दहा मिनिटांनी आकडा आपोआप गेला. चोपड्याहून मेकॅनिक बोलावला. त्याने उघडून पाहिलं, काही बिघाड नाही म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

आकडा थरथरत होता हे मी मेकॅनिकला सांगितलं नाही.

२१ नोव्हेंबर

रोज दीडला आकडा येतो. मी कागदावर लिहून ठेवतोय. छपन्न. पंचावन्न सहाशे. चोपन्न. आज बावन्न किलो शंभर.

आमचा हमाल उखर्डू आज घड टाकायला काट्याजवळ आला आणि थबकला. रिकाम्या काट्याकडे बघून त्याने हात जोडले. "कोनी तरी उभं शे वर," म्हणाला. आकडा जाईपर्यंत त्याने खांद्यावरचा घड खाली ठेवला नाही.

संध्याकाळी अक्का भेटल्या. जेलात नानांना भेटून आल्या होत्या. "त्या जेवतसच नही, भाऊ. भाकर दखी की तोंड फिरावतस." मी विचारलं, जेलात जेवण किती वाजता देतात? तसं नको होतं विचारायला. त्या म्हणाल्या, दुपारी दीड वाजता.

९ डिसेंबर

सत्तेचाळीस किलो आठशे.

कागद लिहून तयार आहे. तीन ओळींचा. खिशात घेऊन चोपड्याची बस धरली. अर्ध्या वाटेवर वाटलं, पोलिसांनी मलाच आत टाकलं तर? आईचं काय? उतरलो. सहा किलोमीटर चालत परत आलो. इतका भित्रा मी आहे हे मला बत्तीस वर्षं माहीत नव्हतं.

दीडच्या आत पोचलो. म्हणजे मी तिथे असावं असं मलाच वाटत होतं. काट्यासमोर उभं राहून म्हटलं, नाना, थोडं खा. आकडा तसाच थरथरत राहिला.

२ जानेवारी

चव्वेचाळीस. नानांना काविळीने दवाखान्यात हलवलंय. अक्का आता इकडे येत नाहीत. रस्त्यात दिसल्या तर पदर पुढे ओढून जातात.

पूर्वी आकडा जलद थरथरायचा. आता सावकाश, थांबून थांबून.

१३ जानेवारी

भोगी. बेचाळीस.

गेलो. आज मात्र गेलो. आबांना सांगून गेलो, ते म्हणाले परत येऊ नकोस, मी म्हटलं बरं. वकिलांसमोर सही केली. गुरुवारी तारीख आहे, जामीन होईल असं ते म्हणाले. बसमध्ये रडलो, सुटल्यासारखं वाटलं. नाना आले की त्यांना म्हणणार, तुमचा दांडा मी वजा केला.

आबांनी मला काही कामावरून काढलं नाही. उद्या संक्रांत आहे, माल भरपूर आहे म्हणाले.

१६ जानेवारी, गुरुवार

सकाळी गेले नाना. तारखेच्या आधी. अकराला सुनावणी होती, ते साडेसातला गेले.

वकिलांनी कागद परत पाठवला. माणूस मेला की खटला मिटतो, कागदाचा आता उपयोग नाही. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा लिहून दिलं असतं तर ते घरी असते. तीन ओळींना मी तीन महिने लावले. मी मारलं त्यांना. दुसरं काही लिहिण्यात अर्थ नाही.

दीडला काट्यासमोर बसलो. शून्य येईल वाटलं होतं.

एक्केचाळीस किलो. थरथर नाही. एकदम स्थिर — घडासारखा —

१७ जानेवारी

एक्केचाळीस.

दहा मिनिटांनी गेला नाही. तीन वाजले तरी — मी शून्य दाबत राहिलो — गाड्या खोळंबल्या. आबांनी मला बाजूला केलं, त्यांना आकडा शून्यच दिसला. त्यांनी माल मोजला. बरोबर भरला म्हणाले.

म्हणजे आता फक्त मला.

२२ जानेवारी

मी मोजलं की प्रत्येक घडात एक्केचाळीस जास्त. मनातल्या मनात वजा करतो. चुकतो. शेतकरी चिडत नाहीत, व्यापारी चिडतात.

मी नानांची माफी मागतो. रोज. ते उतरत नाहीत.

२९ जानेवारी

अक्का आल्या होत्या. काट्यापाशी उभ्या राहिल्या. त्यांना विचारावंसं वाटलं, तुम्हाला दिसतात का — विचारलं नाही. त्या म्हणाल्या, भाऊ, तुमी जेवतस ना? बारीक व्हई ग्यात.

मला त्यांनी शिव्या द्यायला हव्या होत्या.

४ फेब्रुवारी

जीप आली आहे. तीच. काटा उचलला. जड होता — चौघांना जड लागला नाही, मलाच —

उखर्डूच्या घराकडे नेतायत. आमच्या उखर्डूच्या.

त्याच दिवशी, उखर्डूच्या परसात

पंच म्हणून टिपणं घेतोय असं त्यांना वाटतंय. लिहू देतायत.

आठ-दहा रोपं. गुडघ्याएवढी. पाच किलोसुद्धा भरणार नाहीत. उपटली. मुळांना माती. गोणीत भरली.

उखर्डू भिंतीशी उभा आहे. काट्याकडे बघतोय. त्यालाही दिसतंय. हात बांधलेत म्हणून जोडता येत नाहीत.

काट्यावर अजून काही ठेवलं नाही. एक्केचाळीस.

गोणी ठेवली की सेहेचाळीस होतील, वीसच्या कितीतरी वर. मी वाचणार. मी सही करणार. आकड्याचं तोंड माझ्याकडे आहे, साहेब उन्हात उभे, त्यांना तो वाचता येत नाही — ते मलाच विचारणार —

वजा करून सांगू? कोणाला वजा करू? आणि मातीचं —

गोणी उचलली.

नाना, उतरा. पाया पडतो. या वेळी मी म्हणणार आहे, आधी फुलोरा वेगळा करा. हसले तरी म्हणणार. पण तुम्ही उतरा, तुमच्या अंगावर गोणी कशी ठेवू देऊ —

आकडा थरथरायला लागलाय. परत श्वास —

साहेब विचारतायत, किती. उभा राहतो. साहेब, म्हणतो, साहेब, आधी —