पाटीचा फोटो

१२ जाने., सोम.
आज सातजणी. महिन्यापूर्वी साक्षरता वर्ग सुरू झाला तेव्हा अकरा होत्या. समाजमंदिराची किल्ली पुन्हा शोधावी लागली, तीनचा वर्ग साडेतीनला. उंब्रजहून स्कूटीवर पंधरा मिनिटं, पण उसाच्या ट्रॉल्या पुढे असल्या की अर्धा तास.
मी काहीतरी विकायला आले आहे अशाच नजरेने बघतात अजून. आज एकीने विचारलंच, "बाई, खरं सांगा. तुमाला काय मिळतंय ह्यातनं?" काही नाही म्हटलं. "काहीच न्हाई?" मागून दुसरी, "इलेक्शनला हुब्या ऱ्हानार आसतील." सगळ्या हसल्या, मीही. हसून झाल्यावर परत तशाच बघत बसल्या.
लेक, सानिका, पुण्याला गेल्यापासून दुपारी घर खायला उठतं, हे सांगितलं असतं तर कदाचित पटलं असतं.

१५ जाने., गुरु.
शाळेचे गुरुजी आमच्या वर्गावर देखरेख ठेवतात. त्यांचा नियम: रोज एक फोटो शाळेच्या फेसबुक ग्रुपवर. पाट्या छातीशी धरलेल्या, चेहरे दिसले पाहिजेत. फोटो नाही तर वर्ग झाला नाही. मग पाच मिनिटं पदर सारखे करण्यात जातात.
शालन मात्र पाटी तोंडापुढे धरते. रोज. पन्नाशीची, उंच, भिंतीला टेकून बसते. बाकीच्या शब्दांवर आल्या, ही 'ग'च्या पुढे जात नाही. चुकवत कधी नाही मात्र. ऊन असो, घरी पाहुणे असोत, तीनला हजर.

२० जाने., मंगळ.
वर्ग सुटल्यावर इंदूबाई मागे राहिल्या. चपला घातल्या, काढल्या, परत घातल्या.
मग पदराआडून बटणांचा फोन काढला. चार वर्षांपूर्वी त्यांच्या सविताने जातीबाहेर लग्न केलं. आता सांगलीला असते. नवऱ्याने, गावात त्यांना अण्णा म्हणतात, घरात तिचं नाव काढायचं नाही असं सांगून ठेवलंय. पण तिचे मेसेज येतात. नंबराच्या शेवटी दोन आठ, तेवढं यांना ओळखू येतं.
"काय लिहिते?"
"मला काय ठावं? कुनाला दावायचं? आला की पुसून टाकते. वाचाय आलं की ठिवंन."
चार वर्षांचे मेसेज. पुसलेले.
सानिकाचे मेसेज बघितले मग रस्त्याकडेला थांबून. 'हो.' 'बरं.' 'नंतर करते.' सगळे पुन्हा वाचले.

२३ जाने., शुक्र.
आज गंमत म्हणून फळ्यावर लिहिलं, 'आज चहा इंदूबाईंकडे.' वळून पाहते तर सगळ्या 'आ... ज...' करत बसलेल्या, आणि शालनच्या ओठावर हसू. एकटीच्या. माझ्याकडे लक्ष गेलं, तसं खाली मान घालून 'ग' उलटा काढायला लागली.
हिला वाचता येतं.
मग येते कशाला?

२७ जाने., मंगळ.
दोन वर्ग झाले, तिच्यावरच नजर. हजेरीचं पान तिच्यापुढे मुद्दाम उलटं सरकवलं. तिने सुलटं करून घेतलं, आपल्या नावापुढे बरोबर अंगठा उठवला. आणि बाकीच्या बोलत असतात तेव्हा ऐकते. फार ऐकते. या वर्गात बायका घरात बोलत नाहीत ते बोलतात. इंदूबाईंनी काल फोनचं स्वतःच सगळ्यांना सांगितलं, तेव्हापासून एकेकीला मेसेजची उत्सुकता लागलीय.
घरी सांगितलं. हे म्हणाले, "असेल कुणीतरी पाठवलेली. गाव आहे ते." म्हणाले आणि चहा प्यायला लागले. माझ्या डोक्यातून जाईना.

२ फेब्रु., सोम.
इंदूबाईंनी आज स्वतःच्या मनाने लिहिलं. मी सांगितलेलं नव्हे, फळ्यावरचं नव्हे.

माझी पोरगी सांगलीला हाय.
ती मला फोनवर लिवते.

'आहे' करा असं तोंडावर आलं होतं, गिळलं. सगळ्या उठून बघायला आल्या. एकजण म्हणाली, "आगं, हे तर तूच बोलतीयास!" त्यांनी पाटी मांडीवरून उचलून नातवंड धरावं तशी धरली. "पुसू का आता?" थांबा म्हटलं, फोटो होऊ दे.
शनिवारी आलेला मेसेज त्यांनी पुसलेला नाही. दोन शब्द लागलेत, 'आई' आणि 'कधी'. मधलं राहिलंय. मी वाचून दाखवू का विचारलं. नको म्हणाल्या. "मीच वाचनार."

५ फेब्रु., गुरु.
मंगळवारपासून इंदूबाई नाहीत. आजही नाहीत.

६ फेब्रु., शुक्र.
अण्णांनी फोन काढून घेतला. त्यांचा वर्ग बंद. शेजारीण सांगत होती, "समदं ठावं हुतं त्यास्नी. पोरगी कुठं हाय, फोनवर लिवती, समदं." मारलं नाही म्हणे. बोलत नाहीत फक्त. आणि त्या मेसेजचं मधलं...
कुणी सांगितलं? वर्गाबाहेर कुणाला माहीत नव्हतं. भिंतीकडे बघितलं. शालन नेमकी कालपासून आली नव्हती. वर्गात बोलून गेले, "जरा जपून बोलत जा. इथं सगळ्याच शिकायला येतात असं नाही." नाव घेतलं नाही. घ्यायची गरज पडली नाही.

९ फेब्रु., सोम.
शालन आली, भिंतीशी बसली. बाकीच्यांनी सतरंजी ओढून पुढे घेतली. मध्ये चार फूट नुसती फरशी.
तिने ते पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी खडू शोधत राहिले. पाऊण तास तिने पाटीवर एकही रेघ ओढली नाही, तरी जाताना पाटी पदराने स्वच्छ पुसून ठेवली.
बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

१४ फेब्रु., शनि.
गुरुजींना महिन्याचा अहवाल हवा होता, चार चांगले फोटो निवडून. जेवण झाल्यावर टेबलाशी बसले. दोन तारखेचा फोटो मोठा करून बघितला, इंदूबाईंचा चेहरा नीट दिसतो का म्हणून.
चेहरा दिसतो. पाटीही दिसते. दोन्ही ओळी, अक्षर न् अक्षर.
खाली ग्रुपमधली नावं पाहिली. शाळा समितीचे सदस्य आहेत. त्यांत इंदूबाईंचे दीर. त्यांनी फोटोला अंगठाही दिला आहे.
मी. मीच. 'आजची प्रगती' असं वर लिहिलंसुद्धा.
ग्रुपवरून काढला. बारा दिवसांनी काढून काय. गुरुजींचा लगेच फोन, "मॅडम, चांगला फोटो का काढून टाकला?" नेट बिघडलं होतं, म्हटलं. खोटंच. माझ्या फोनमधून मात्र पुसवला नाही. बघून बघून डोळे दुखले.

१६ फेब्रु., सोम.
वर्गाआधी शालनकडे गेले. गोठ्यात वैरण टाकत होती. सगळं सांगून टाकलं उभ्याउभ्याच. फोटो, दीर, वर्गात मी काय बोलले ते.
तिने हातातली पेंडी खाली ठेवली. "मी त्याच सांजंला बघितला, बाई. पोराच्या फोनवर. त्योबी हाय त्या ग्रुपात."
"वाचलात?"
"वाचला की."
"मग मला सांगायचं ना! लगेच काढला असता."
"सांगितलं आस्तं तर मला वाचाय येतंय हे कळलं आस्तं."
मग म्हशीच्या पाठीवर हात ठेवून हळूहळू सांगितलं. सातवी झालीय तिची. नवरा शाळेत गेलेला नाही. लग्न ठरताना बापाने सांगितलं, पोरगीबी साळंत गेली न्हाई. जावयाला कमीपणा नको. "मग काय, तीस वर्सं तसंच. घरात कागद आला की हे चावडीवर न्हेत्यात, वाचून घेत्यात, आन् घरी यून मला समजावून सांगत्यात. लय नीट सांगत्यात. मी व्हय व्हय म्हनते."
"आणि वर्ग?"
"आता शिकून घ्यायचं हाय. समद्यांम्होरं. म्हंजी मग उगडं वाचता यील. पर एकदम आलं तर त्यास्नी संशय नाय का यायचा? तुमच्या हिशोबानं 'घ'पतूर पोचायला मला पावसाळा लागंल." आधी तीच हसली. मग म्हणाली, "इंदीसाठी बोलाय पायजे हुतं. तवा धीर झाला न्हाई. दोन दिवस तोंड लपवून बसले, वर्गालाबी आले न्हाई."
ती काहीतरी लपवतेय हे मला बरोबर कळलं होतं. बाकी सगळं चुकलं.
वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं, फोटो मी टाकला होता. शालनचं मी काही सांगितलं नाही. सतरंजी मात्र एकीने मागे ढकलली.

२० फेब्रु., शुक्र.
शालन दळणाचा डबा घेऊनच वर्गाला आली. सगळ्या गेल्यावर पिठात हात घातला आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पाकीट काढलं.
गिरणीत इंदूबाई भेटतात. तिथे अण्णा येत नाहीत. तीन दिवस, दळण होईपर्यंत जेवढं होईल तेवढं, असं लिहिलंय. "आतलं तिचं हाय. मी एक अक्षर सांगितलं न्हाई. पत्ता तिनं चार वर्सं बांगड्यांच्या डब्यात ठिवला हुता, तेवढा मी उतरला." पाकिटावरचं अक्षर बघतच राहिले. माझ्याहून सुंदर. तीस वर्षांत मोडलेलं नाही.
फोटोचं इंदूबाईंना कळलंय का, विचारलं.
"मीच सांगितलं. लय चिडली. दोन दिवस तुमचं नाव काढू देईना. मग म्हनली, बाईंनीच न्यावं. पोस्टात न्हाई टाकायचं. हातात द्यायचं."
पिठाचा वास येतो पाकिटाला. उघडलेलं नाही.

२२ फेब्रु., रवि.
सांगली. घरी माहेरी जाते म्हणून सांगितलं, तेही खरंच, पण आईकडे नंतर गेले.
तिसरा मजला. दाराला आतून साखळी. फटीतून सविता. आईसारखीच हनुवटी. गावाचं नाव घेतलं तशी फट आणखी लहान झाली.
"कुणी पाठवलं तुम्हाला? अण्णांनी?"
पाकीट आत सरकवलं. तिने वरचं अक्षर बघितलं. "हे आईचं नाही. आईला लिहिता येत नाही." आतलं बघ, म्हटलं. तिने उघडलं, वाचलं, चेहरा बदलला, परत होता तसा झाला. "हेही कुणी लिहून घेतलंय. कुणीतरी वाचून दाखवेल म्हणून मेसेज पाठवत होते, तेही पोचायचे बंद झाले, आणि आता हे. मला बोलवून घ्यायचंय ना तिकडे?"
काय पुरावा देणार? मग आठवलं. फोन काढला. तोच फोटो.
तिने साखळी काढली. कागद फोनशेजारी धरला. दोन्हीकडचा 'स' एकाच बाजूला कललेला. बराच वेळ ती पाटी बघत नव्हती, पाटी धरणारीचं तोंड बघत होती.
मग मीच सांगितलं, हा फोटो मी ग्रुपवर टाकला, म्हणून फोन गेला. तिने मान वर केली. पाणी दिलं नाही. ते बरोबरच होतं.
"हा मला पाठवा. मग तुमच्याकडचा पुसा. माझ्यासमोर." तसं केलं.
वही घेऊन बसली. मोठं लिही म्हटलं, जोडाक्षरं नको, ती अजून झाली नाहीत. दोन कागद फाडले. एकदा थांबून विचारलं, "'आठवण' चालेल?"
"चालेल."
कागदाची घडी घालून चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली. माझ्या हातात देताना सोडलं नाही लगेच. "उघडू नका. आणि याचा फोटो काढू नका."
आता पर्समध्ये आहे. शालनकडे उद्या देईन, पिठातून जाईल. इंदूबाई कुठे बसून वाचतील, त्यांना किती लागेल, अण्णांना काही कळलं तर... माहीत नाही.
नाही काढणार, म्हटलं होतं मी. तरी जिना उतरेपर्यंत ती दारात उभी होती. त्या सातजणी बघतात ना माझ्याकडे, अगदी तशीच बघत.